एओ चालू आहे, तरी चाल जुनीच? सेकंड लाइफमधल्या अवतार-हालचालींची दुरुस्ती

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात ही तक्रार नेहमीची आहे. नवा ॲनिमेशन ओव्हरराइडर, म्हणजे अवताराच्या मूळ हालचालींच्या जागी दुसऱ्या हालचाली लावणारा एओ, अंगावर चढवला, चालू केला, दोन दिवस छान चाललं आणि मग कधीतरी अवतार पुन्हा ती जुनी, मुळातली बदकचाल चालायला लागला. किंवा चाल बरोबर आहे, पण बसलं की खुर्चीच्या वर तरंगतोय. किंवा हातात कप धरला की अर्ध्या मिनिटात हात खाली पडतो. बहुतेक जण अशा वेळी एओ काढून परत घालतात, नाहीतर दुसरा विकत घेतात. दोन्ही करून प्रश्न तिथेच राहतो, कारण बिघाड बहुधा एओमध्ये नसतोच. एकाच सांध्याला दोन ठिकाणांहून हुकूम सुटत असतात. म्हणून दुरुस्तीची सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने करायची: आत्ता या अवताराला कोण हलवतंय?

हे शोधायचं तर आतला व्यवहार थोडा माहीत हवा. तुम्ही पुढे जायची कळ दाबली की सर्व्हर ठरवतो, हा अवतार आता ‘वॉकिंग’ स्थितीत आहे. अशा स्थिती वीस-बावीस आहेत: स्टँडिंग, वॉकिंग, रनिंग, सिटिंग, सिटिंग ऑन ग्राउंड, हॉवरिंग, फ्लाइंग, प्री-जम्पिंग, जम्पिंग, लँडिंग, टर्निंग लेफ्ट, टर्निंग राइट वगैरे. प्रत्येक स्थितीला एक मूळ ॲनिमेशन बांधलेलं असतं. एओ स्थिती बदलत नाही, त्या स्थितीत वाजणारं ॲनिमेशन तेवढं बदलतो. तो हे तीनपैकी एका पद्धतीने करतो, आणि आपल्याकडचा कोणत्या पद्धतीचा आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पहिली पद्धत जुन्या झाओ जातीच्या स्क्रिप्टची. ही स्क्रिप्ट सेकंदाच्या अंशाअंशाने ‘आता कोणती स्थिती?’ असं विचारत राहते आणि मूळ ॲनिमेशनच्या वर आपलं ॲनिमेशन सुरू करते. मूळ चाल खाली वाजतच असते, फक्त झाकलेली. दुसरी पद्धत 2013 मध्ये आलेली. स्क्रिप्ट सर्व्हरला एकदाच सांगून ठेवते की वॉकिंगसाठी यापुढे हे ॲनिमेशन वापर. मग सतत विचारत बसावं लागत नाही आणि मूळ चाल वाजतच नाही. तिसरी पद्धत व्ह्यूअरमधली, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून सेकंड लाइफमध्ये शिरतो त्यातली. फायरस्टॉर्म या त्रयस्थांनी बनवलेल्या व्ह्यूअरमध्ये एओ आतच बसवलेला आहे, त्याला अंगावर काही घालावं लागत नाही आणि जमिनीवर स्क्रिप्टला परवानगी आहे की नाही याच्याशीही त्याला देणंघेणं नाही.

आधी एवढं तपासा

क्रम बदलू नका. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

1. अंगावरचं सगळं काढा: हड (पडद्यावर दिसणारी बटणांची पटलं), पर्स, कप, नाचाची साधनं, जुने एओ, सगळं. फायरस्टॉर्म वापरत असाल तर खालच्या पट्टीवरचं एओचं बटणही बंद करा.
2. चालू असलेली ॲनिमेशनं थांबवा. अधिकृत व्ह्यूअरमध्ये मी, मग मूव्हमेंट, मग स्टॉप ॲनिमेटिंग मी. फायरस्टॉर्ममध्ये अवतार मेन्यूतल्या अवतार हेल्थखाली हेच आहे, आणि तिथेच परवानग्याही काढून घेणारा दुसरा पर्याय आहे. तो सध्या वापरू नका, कारण खाली सांगतो.
3. आता चाला. बदकचाल दिसायलाच हवी. दिसली नाही, म्हणजे कोणीतरी अजून अवताराला धरून आहे. दुसऱ्या पद्धतीचा एओ जाताना आपले बदल मागे घ्यायला विसरला, की असं होतं. लॉगआउट करून परत या.
4. आता फक्त एओ चढवा आणि चाला. इथे चाल बरोबर असेल तर एओ निर्दोष आहे. मग बाकीच्या वस्तू एकेक करून घाला. ज्या वस्तूनंतर बिघडलं ती गुन्हेगार.

वस्तू पुष्कळ असतील तर एकेक घालण्यापेक्षा फायरस्टॉर्ममधला ॲनिमेशन एक्स्प्लोअरर उघडा. कोणतं ॲनिमेशन वाजतंय आणि कोणत्या वस्तूने ते सुरू केलंय, दोन्ही एका यादीत दिसतं आणि तिथूनच थांबवताही येतं. अधिकृत व्ह्यूअरवर असाल तर कंट्रोल, ऑल्ट आणि क्यू दाबून डेव्हलप मेन्यू आणा. तिथे अवतारखाली ॲनिमेशन इन्फो चालू केलं की चालू ॲनिमेशनांची यादी अवताराच्या डोक्यावरच तरंगायला लागते. दिसायला कुरूप, कामाला उत्तम.

परवानग्या काढून घेणाऱ्या पर्यायाबद्दल: तो वापरल्यावर अंगावरच्या एओचीही परवानगी जाते. हड पडद्यावर दिसत राहतो, बटणं हिरवी असतात, पण अवतार ढिम्म. एओ एकदा काढून परत घातला की परवानगी आपोआप मिळते. ‘एओ मेला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये हे प्रकरण बरंच असतं.

चाल अधूनमधून बदकाची होते

कायम बिघाड शोधणं सोपं, अधूनमधूनचा त्रासदायक. कधी होतं ते नीट बघा.

ठरावीक जागीच होत असेल तर त्या पार्सलवर, म्हणजे जमिनीच्या त्या तुकड्यावर, स्क्रिप्ट बंद आहेत. व्ह्यूअरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत स्क्रिप्टवर काट मारलेलं चिन्ह दिसतं. अशा जमिनीवर अंगावरच्या वस्तूंच्या स्क्रिप्टही थांबतात. याला एक पळवाट आहे: ज्या स्क्रिप्टने चालण्याच्या कळांचा ताबा आधीच घेतलेला असतो, ती अशा जमिनीवरही चालू राहते. चांगले एओ म्हणूनच कळांची परवानगी घेतात, त्यांना कळांशी खरं तर काही करायचं नसलं तरी. मात्र एओ त्या पार्सलवर उभं राहून घातला तर ताबा घेणार कोण? स्क्रिप्ट सुरूच होत नाही. बाहेर जा, तिथे एओ घाला, मग आत या. फायरस्टॉर्मच्या एओला हा त्रास नाही.

चालायला सुरुवात करताना क्षणभर बदकचाल आणि मग चांगली चाल, असं होत असेल तर एओ पहिल्या पद्धतीचा आहे. स्क्रिप्टला स्थिती बदलल्याचं कळेपर्यंत मूळ चाल दिसते, आणि रीजनवर गर्दी असेल तर हा क्षण लांबतो. याला दुरुस्ती नाही. तीच ॲनिमेशनं दुसऱ्या पद्धतीच्या एओत किंवा फायरस्टॉर्ममध्ये हलवणं हाच उपाय.

मधूनच दोन चाली एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात, कंबर एकीची आणि हात दुसरीचे? मग दोन एओ चालू आहेत. हडवाला आणि फायरस्टॉर्मचा, अशी जोडी सगळ्यात जास्त आढळते, कारण फायरस्टॉर्मचं बटण एकदा चुकून दाबलं गेलं की लक्षातच येत नाही. त्या खालोखाल मेश बॉडीच्या, म्हणजे मूळ शरीराच्या जागी घालायच्या तयार शरीराच्या, हडमध्ये लपलेला छोटा एओ, किंवा शेपटी-पंखांबरोबर आलेला. दोनपैकी कोणता जिंकेल याचा अंदाज बांधत बसू नका, एक बंद करा.

नोटकार्डातल्या चुका

हडमधली ॲनिमेशनं फायरस्टॉर्ममध्ये न्यायची असतील तर हड जमिनीवर ठेवावा लागतो, म्हणजे बांधकामाला परवानगी असलेली जागा हवी. तो उघडा, आतल्या वस्तू इन्व्हेंटरीत, म्हणजे तुमच्या वस्तूंच्या साठ्यात, कॉपी करा. कॉपीची परवानगी नसलेली ॲनिमेशनं कॉपी होत नाहीत, हलवली जातात. ती हडमधून निघून जातील, म्हणून आधी परवानग्या बघा. मग सगळी ॲनिमेशनं आणि नोटकार्ड (कोणत्या स्थितीला कोणतं ॲनिमेशन हे लिहिलेला मजकूर) एकाच फोल्डरमध्ये असल्याची खात्री करून नोटकार्ड एओच्या खिडकीवर ओढून सोडा. थोडा वेळ थांबा, संच तयार झाला की यादीत दिसेल. तो निवडून डीफॉल्टची खूण करा, नाहीतर पुढच्या लॉगिनला दुसराच संच उभा राहील.

फायरस्टॉर्म मूळ ॲनिमेशन हलवत नाही, त्याच्या दुव्यांवर काम करतो. इन्व्हेंटरी आवरताना मूळ फोल्डर कचऱ्यात टाकलं की दुवे तुटतात आणि एओ रिकामा होतो. ‘काल चालत होता’ याचं बऱ्याचदा हेच कारण.

नोटकार्डाची ओळ अशी असते: चौकोनी कंसात स्थितीचं नाव, लगेच पुढे ॲनिमेशनचं नाव, एकापेक्षा जास्त असतील तर मध्ये उभी रेघ. इथे चार ठिकाणी अडतं.

नाव अक्षरशः तेच हवं. लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं, शेवटी चुकून राहिलेली रिकामी जागाही धरली जाते. अशा वेळी ॲनिमेशन सापडलं नाही असा संदेश येतो, आणि नाव तर डोळ्यांसमोर बरोबर दिसत असतं. इन्व्हेंटरीतल्या नावावर एफ-2 दाबून शेवटी कर्सर कुठे थांबतो ते बघा, नाहीतर नाव तिथूनच कॉपी करून नोटकार्डात चिकटवा.

स्थितीची नावं सगळीकडे सारखी नाहीत. स्क्रिप्टच्या भाषेत क्राउचवॉकिंग आणि प्रीजम्पिंग हे जोडून लिहिलेले एकेक शब्द आहेत. झाओच्या नोटकार्डात त्यांचेच दोन-दोन शब्द होतात. पडण्याची स्थिती एकीकडे फॉलिंग डाउन, दुसरीकडे नुसतं फॉलिंग. एका एओचं नोटकार्ड दुसऱ्यात नेलं की नेमक्या याच ओळी वगळल्या जातात. चालणं-उभं राहणं ठीक असतं, म्हणून शंका नोटकार्डावर जात नाही.

लांब ओळ हा जुना त्रास. आधी स्क्रिप्ट नोटकार्डाची ओळ 255 बाइटपर्यंतच वाचू शकत असे आणि पुढचं गपकन कापलं जाई. आता मर्यादा 1024 आहे, पण जुन्या स्क्रिप्ट बनवणाऱ्यांनी त्या हिशेबाने लिहिलेल्या. वीस स्टँड (उभं राहण्याच्या पोझ) एकाच ओळीत कोंबू नका. त्याच स्थितीची दुसरी ओळ सुरू करा.

आणि ओळीच्या शेवटी जास्तीची उभी रेघ राहिली की काही एओ तिथे एक रिकामं ॲनिमेशन आहे असं समजतात. मग स्टँड बदलत बदलत एका फेरीत अवतार मूळ पोझमध्ये उभा राहतो आणि पुढच्या फेरीत सावरतो.

हात खाली का पडतो: प्रायॉरिटी

प्रत्येक ॲनिमेशनला प्रायॉरिटीचा आकडा असतो. व्ह्यूअरमधून बीव्हीएच (हालचाल नोंदवलेली) फाइल अपलोड करताना 0 ते 4 देता येतो. बाहेरच्या साधनातून काढलेल्या ॲनिम फाइलमध्ये 6 पर्यंत जातो, शिवाय सांध्यागणिक वेगळा ठेवता येतो. नियम दोनच. एका सांध्यावर दोन ॲनिमेशनांनी हक्क सांगितला तर मोठा आकडा जिंकतो. आकडे सारखे असतील तर जे नंतर सुरू झालं ते जिंकतं. हिशेब सांध्यापुरता आहे, अख्ख्या अवताराचा नाही, म्हणून अर्धं अंग एकाचं आणि अर्धं दुसऱ्याचं असं होऊ शकतं.

दुसरा नियम बहुतेकांच्या लक्षात नसतो आणि तिथेच फसगत होते. समजा कपाची पोझ 4 ची आहे आणि एओचे स्टँडही 4 चे. कप घातला, त्याची पोझ नंतर सुरू झाली, उजवा हात नीट वर आला. एओ दर 30 सेकंदांनी स्टँड बदलतो. तिसाव्या सेकंदाला नवा स्टँड सुरू झाला, तो आता सगळ्यात नवा. हात खाली. कप काढून घातला की पुन्हा वर, आणि पुढच्या बदलाला पुन्हा खाली. हात पडण्याची वेळ घड्याळाने मोजली आणि ती एओच्या बदलाच्या वेळेशी जुळली, तर शंभर टक्के हेच आहे.

उपाय तीन. एओमधलं सायकल (स्टँड आपोआप बदलणं) बंद करून एकच स्टँड ठेवा, म्हणजे उभं असेपर्यंत नंतर सुरू होणारं काही उरत नाही. हा फुकटचा आणि तातडीचा. दुसरा, 3 किंवा त्याहून कमी प्रायॉरिटीचे स्टँड वापरा. हातात काही ना काही धरून फिरणाऱ्यांनी एओ घेतानाच हे विचारावं, वर्णनात नसेल तर डेमो घालून ॲनिमेशन इन्फोत आकडा बघावा. तिसरा, 5 किंवा 6 ची पोझ असलेला कप. हा कप चालेल, पण उद्या तो धरूनच नाचायला गेलात की उजवा हात नाचात सामील होणार नाही. बाजारात सगळंच 6 वर टाकायची जी खोड लागलीय तिचा हा परिणाम. स्टँडला 2 किंवा 3, चालीला 3 किंवा 4, बसण्याला 4, आणि हातातल्या वस्तूला त्यावर: एवढ्यात सगळं सुखाने चालतं.

बोटांचंही असंच. 2016 च्या डिसेंबरात बेंटो सांगाडा आला आणि बोटं, चेहरा, शेपटी, पंख यांना स्वतःचे सांधे मिळाले. मेश बॉडीच्या हडमध्ये हातांची वेगळी ॲनिमेशनं असतात, नव्या एओच्या स्टँडमध्येही बोटं असतात. दोन्ही चालू असली की बोटं थरथरतात किंवा मधेच मूठ वळते. एओत बोटं असतील तर बॉडीच्या हडमधली हातांची ॲनिमेशनं बंद करा. एओ बेंटोपूर्व काळातला असेल तर ती चालूच ठेवा, नाहीतर बोटं लाकडासारखी ताठ राहतील. चेहऱ्यालाही हेच लागू: नाच सुरू होताच ओठ वाकडे झाले तर त्या नाचात चेहऱ्याचे सांधे भरलेले आहेत.

खांदे अरुंद, मान लांब, गुडघे चुकीच्या जागी, असं काही दिसलं तर प्रकरण वेगळं आहे. ॲनिमेशनने सांधे नुसते फिरवले नाहीत, जागेवरून सरकवलेत. प्राण्याचा किंवा छोट्या मुलाचा अवतार काढल्यावरही हे मागे राहतं. आपल्या अवतारावर उजवी क्लिक करून रीसेट स्केलेटन करा. लगेच परत बिघडलं तर रीसेट स्केलेटन अँड ॲनिमेशन्स. तरीही परतलं तर ते ॲनिमेशन दुसऱ्याच मापाच्या अंगासाठी बनलेलं आहे. बनवणाऱ्याकडे फक्त फिरणं ठेवलेली आवृत्ती मागा, तुमच्या बाजूने करण्यासारखं काही नाही.

बसल्यावर तरंगणं

खुर्चीत स्वतःची पोझ असते, एओतही बसण्याची असते. एओची जिंकली की उंची खुर्चीप्रमाणे आणि अंग एओप्रमाणे, म्हणून अवतार गादीत रुततो किंवा वर तरंगतो. एओमधलं ओव्हरराइड सिट्स बंद करा. साध्या ठोकळ्यावर, कठड्यावर, पोझ नसलेल्या वस्तूंवर बसायची सवय असेल तर ते चालू ठेवून फायरस्टॉर्ममधलं बी स्मार्ट लावा. वस्तूला स्वतःची पोझ असेल तर एओ मागे राहतो, नसेल तर पुढे येतो. कपडे घालून बघायचा पोझ स्टँड हीसुद्धा सर्व्हरच्या दृष्टीने बसण्याचीच जागा आहे, त्यामुळे तिथे हात-पाय हलत असतील तर दोष स्टँडिंगमध्ये शोधू नका. जमिनीवर बसणं मात्र वेगळी स्थिती आहे, तिला हा बदल लागत नाही.

पाय घसरतात

पावलं पडतायत एका गतीने आणि अवतार सरकतोय दुसऱ्या गतीने. यावर जितकी चर्चा होते तितका हिशेब कोणी करत नाही, म्हणून करू.

सेकंड लाइफमध्ये चालण्याचा वेग सेकंदाला 3.2 मीटर आहे, धावण्याचा 5.13. माणूस निवांत चालतो तो सेकंदाला साधारण 1.4 मीटर. म्हणजे इथली ‘चाल’ खऱ्या चालीच्या दुपटीहून वेगवान आहे. आता एखादी डौलदार चाल घ्या, दोन पावलांची एक फेरी 1.2 सेकंदांची. तेवढ्या वेळात अवतार 3.84 मीटर पुढे गेला. एका पावलाला 1.92 मीटर आले. दोन मीटर उंचीच्या अवताराचा पाय एवढा पोचणारच नाही, मग घसरणार नाही तर काय करेल? उलट 0.8 मीटरचं खरंखुरं पाऊल टाकायचं म्हटलं तर सेकंदाला चार पावलं पडायला हवीत, आणि ते मूकपटासारखं दिसतं.

मूळ चालीत हे एवढं जाणवत नाही, कारण तिचा वेग व्ह्यूअर जमिनीच्या हिशेबाने मागेपुढे करतो. तुम्ही घातलेल्या ॲनिमेशनला ही सोय नाही, ते अपलोड झालं त्याच वेगाने वाजतं. एओत किंवा व्ह्यूअरमध्ये वेगाचं बटण शोधण्यात वेळ घालवू नका. काही एओमध्ये वॉक स्पीड नावाचं काही असतं खरं, पण ते ॲनिमेशनला हात लावत नाही, अवतारालाच चालण्याच्या उलट दिशेने रेटून हळू करतं. सपाट जमिनीवर ठीक, चढावर आणि पायऱ्यांवर अडखळतं.

निवड करताना मोजून घ्या. ऑल्ट धरून कॅमेरा बाजूला न्या, पुढे जायची कळ दाबून ठेवा आणि दहा सेकंदांतली पावलं मोजा. दहा सेकंदांत अवतार 32 मीटर जातो. 32 ला पावलांनी भागा. उत्तर 1.6 च्या आत आलं तर घसरणं डोळ्यांत भरत नाही. 1.3 च्या आसपास असेल तर उत्तमच. 2 च्या वर गेलं तर ती चाल फोटोपुरती ठेवा. लांब घेराचा घागरा किंवा गाऊन असेल तर अर्थात काहीही चालतं, पाय दिसतातच कुठे.

पाय जमिनीत किंवा जमिनीच्या वर

सगळ्या स्थितींमध्ये सारखंच असेल तर अवतारावर उजवी क्लिक करून हॉवर हाइट सरकवा, ती उणे 2 ते अधिक 2 मीटरपर्यंत जाते. टाचांचे बूट बदलले की बहुधा एवढंच लागतं. एकाच स्टँडमध्ये पाय रुतत असतील तर ते ॲनिमेशन वेगळ्या उंचीच्या अवतारावर बनलं आहे. हॉवर हाइटने ते सुधारलं की बाकीचे बिघडतील. तो स्टँड यादीतून काढा.

हात मांड्यांमध्ये किंवा कमरेत घुसत असतील तर तेही मापाचंच दुखणं. बारीक कमरेवर बनलेला कमरेवर हात ठेवलेला स्टँड रुंद शरीरावर आत जातोच. फिरवून सुधारणारं बटण इथे नाही.

स्वतः अपलोड केलेलं बिघडतं तेव्हा

मुख्य जगात प्रत्येक अपलोडला सहसा 10 लिंडन डॉलर (तिथलं चलन) जातात, म्हणून चाचण्या आदिती या बीटा ग्रिडवर करा. फाइल जास्तीत जास्त 60 सेकंदांची.

अवतार चालताना पुढे जातो आणि दर फेरीला झटक्याने मागे येतो: फाइलमध्ये कंबरच पुढे सरकवलेली आहे. सर्व्हर अवताराला आधीच पुढे नेतोय, ॲनिमेशनने जागच्या जागीच चालायला हवं. मिक्सामो या तयार ॲनिमेशनांच्या संकेतस्थळावरून घेत असाल तर उतरवतानाच इन प्लेसची खूण करा, आणि तिथल्या हाडांची नावं सेकंड लाइफच्या नावांशी जुळत नाहीत, ती बदलल्याशिवाय अपलोड होणार नाही. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये कमरेच्या पुढे-मागे जाणाऱ्या चाव्या (कीफ्रेम) पुसा. वर-खाली जाणाऱ्या मात्र ठेवा, नाहीतर चाल रुळावरच्या गाडीसारखी सपाट होते.

पाय हलतात पण हात मूळ चालीतलेच राहतात: बीव्हीएच फाइलची पहिली चौकट (फ्रेम) तुलनेसाठी वापरली जाते, ती हालचालीत धरली जात नाही. त्या चौकटीपासून जो सांधा अजिबात बदलत नाही तो ॲनिमेशनमधून वगळला जातो. हात सगळ्या चौकटींत एकाच जागी स्थिर असतील तर व्ह्यूअरला वाटतं, हातांबद्दल तुम्हाला काही म्हणायचं नाही. सुरुवातीला हात पसरलेल्या टी-पोझची एक जादा चौकट घाला. सेकंदाला 30 चौकटींच्या एका सेकंदाच्या चालीला 31 चौकटी होतील. हीच गोष्ट उलटीही वापरता येते: हातांवर मुद्दाम हक्क सोडायचा असेल, कपासाठी म्हणा, तर त्या सांध्यांची पहिली चौकट आणि बाकीच्या सारख्या ठेवा.

एक फेरी होऊन चाल थांबते: लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरण्याची, खूण करायची राहिली. हे अपलोड झाल्यावर बदलता येत नाही, पुन्हा 10 लिंडन डॉलर. फेरीच्या जोडावर हिसका बसतो: शेवटची चौकट पहिल्या खऱ्या चौकटीची नक्कल आहे, म्हणून ती पोझ दोनदा वाजते. शेवटची काढा. टी-पोझची चौकट मोजायची नाही, नाहीतर नेमकी चुकीची काढाल.

ईझ इन आणि ईझ आउट, म्हणजे ॲनिमेशन हळूहळू सुरू व्हायचा आणि संपायचा वेळ, चालीसाठी छोटे ठेवा, 0.3 सेकंदाच्या आसपास. एक सेकंद ठेवला तर अवतार थांबल्यावरही पाय हवेत चालत राहतात.

किरकोळ, पण वारंवार विचारलं जाणारं

उडी मारण्याआधी अवतार अडकतो असं वाटलं तर प्री-जम्पिंगमध्ये लांब ॲनिमेशन भरलेलं असतं. ती स्थिती जेमतेम क्षणभराची, ॲनिमेशन पुरं होईपर्यंत ती थांबत नाही, मधेच तुटून जम्पिंग सुरू होतं. रिकामी ठेवा.

जागेवर वळताना झटका बसतो: टर्निंगची दोन्ही खाती रिकामी करून बघा. बहुतेक संचांत ती भरलेली असण्यापेक्षा रिकामी बरी दिसतात.

पाण्याखाली अवतार पोहण्याऐवजी चालतो: पोहणं ही सर्व्हरची स्थिती नाहीच. एओ उडण्याच्या स्थितीला पाण्याखाली पोहण्याचं रूप देतो. म्हणून पाण्यात आधी उड्डाण चालू करावं लागतं. सजावटीचं पाणी, म्हणजे रंगवलेला पारदर्शक ठोकळा असेल, तर खऱ्या पाण्याच्या पातळीशी त्याचा संबंध नसतो आणि एओला ते पाणी दिसतच नाही.

स्टँड बदलतच नाही: सायकलची खूण नाही, किंवा वेळ 0 आहे.

राहिली दुसऱ्यांच्या पडद्यावरची गोष्ट. तुम्हाला तुमची चाल बरोबर दिसते आणि समोरचा म्हणतो बदकासारखी आहे, तर त्याच्याकडे ते ॲनिमेशन अजून उतरलेलं नाही, थोड्या वेळात दिसेल. दोघांचा नाच तुमच्याकडे जुळतो आणि त्याच्याकडे नाही, कारण प्रत्येक व्ह्यूअर ॲनिमेशन आपल्या घड्याळाने सुरू करतो. फायरस्टॉर्ममध्ये रीसिंकचा पर्याय आहे, पण तो ज्याने वापरला त्याच्याच पडद्यापुरता. आणि गर्दीत कोणी म्हणालं की तुम्ही अडखळत, चित्रं बदलल्यासारखे हलताय, तर एओला हात लावू नका. त्याच्या व्ह्यूअरने दूरच्या अवतारांचं रेखाटन कमी केलंय. ग्राफिक्सच्या पसंतींमध्ये नॉन-इम्पोस्टर, म्हणजे पूर्ण रेखाटायच्या, अवतारांची संख्या त्याने वाढवली की तुम्ही पुन्हा नीट चालायला लागाल, त्याचं यंत्र तेवढं सोसत असेल तर.